बिडावरचं कोवळं ऊन

"माणूस नको फोटोत. नुसतं इंजिन काढ."

१९८४ च्या डिसेंबरात कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्रींनी मला हे सांगितलं, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. लग्नं, मुंजी, बारशी आणि पासपोर्ट साइज एवढंच माझं फोटोग्राफीचं जग. गाड्यांचे फोटो काढले होते, पण ते गाडीवर बसलेल्या माणसांचे. नवी बुलेट घेतली की तिला हार घालायचा, धाकट्याला टाकीवर बसवायचं, बायकोला शेजारी उभं करायचं आणि फोटो काढायचा, अशी तेव्हा पद्धत होती. इंजिन त्यात यायचं ते पोराच्या लोंबत्या पायांमागं, अर्धवट.

मेस्त्रींनी एक जुनी बुलेट तीन महिने खपून उभी केली होती. सिलिंडर बोअर करून घेतला, क्रँक नव्यानं बसवला, कव्हरं बफ करून आणली. गाडी मालकाकडे जायच्या आधी त्यांना गॅरेजच्या भिंतीवर लावायला एक फोटो हवा होता. मी भर दुपारी कॅमेरा घेऊन गेलो, तर त्यांनी मला परत पाठवलं.

"उद्या सकाळी आठच्या आत ये. आन् उजव्या अंगानं काढायचं. गिअर हिकडं, किक हिकडं, सायलेन्सर हिकडं. डावीकडं नुसता चेनकेसचा डबा."

त्यांना फोटोग्राफीतलं काही येत नव्हतं. पण इंजिन कुठून आणि कुठल्या उजेडात बघायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पुढं चाळीस वर्षं मी जे करत आलो, त्याची सुरुवात त्या परत पाठवण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा ऊन नुकतंच समोरच्या फौंड्रीच्या पत्र्यावरून खाली उतरत होतं. मेस्त्रींनी रॉकेलच्या चिंधीनं इंजिन पुसून ठेवलं होतं. ते तिरपं, कोवळं ऊन सिलिंडरवर पडलं आणि पंखासारख्या प्रत्येक आडव्या फिनची सावली खालच्या फिनवर उतरली. दुपारी जे इंजिन मला एक करडा ठोकळा वाटलं होतं, ते आता थराथरानं वेगळं दिसू लागलं. खाली बफ केलेलं ॲल्युमिनियमचं टायमिंग कव्हर, पाण्यासारखं. त्याच्या वर बिडाचा सिलिंडर, खरबरीत, उजेड पिऊन टाकणारा. त्यावर ॲल्युमिनियमचं हेड आणि अगदी वर दोन रॉकर कव्हरं, जुळ्या भावांसारखी शेजारी शेजारी बसलेली. पुढून निघून वळत खाली येणारा क्रोमचा बेंड पाईप. मागं गिअरबॉक्स, त्यावर टाचेनं दाबायची न्यूट्रलची छोटी दांडी. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे ओतून बोल्टांनी जोडलेले, त्यामुळं तो सांधाही स्पष्ट दिसायचा.

माझ्याकडे यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा होता. वरून काचेत वाकून बघायचं. त्या काचेत चित्र सुलटं पण डावं-उजवं बदललेलं दिसतं, म्हणून बुलेट मला उलट्या दिशेला तोंड करून उभी असल्यासारखी वाटायची. एका रोलवर बारा फोटो. त्यातले तीन इंजिनावर घालवायचे असं मी ठरवलं होतं, आणि तेवढेही मला खूप वाटत होते. स्टँड लावला, ॲपर्चर १६ वर नेलं, म्हणजे पुढच्या बेंड पाईपपासून मागच्या किकपर्यंत सगळं स्पष्ट येईल. काचेत पाहिलं तर टायमिंग कव्हरमध्ये मी स्वतःच दिसत होतो, माझ्या मागं गॅरेजचा दरवाजा आणि त्यात उभी असलेली दोन पोरं.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की चकचकीत धातूला स्वतःचं रूप फार थोडं असतं. समोर जे असेल ते तो दाखवतो. मेस्त्रींनी घरातून पांढरं धोतर आणलं, दोन बांबूंना बांधून माझ्या बाजूला उभं केलं आणि कॅमेऱ्याच्या भिंगापुरती त्यात फट ठेवली. कव्हरवर दुधासारखा उजेड पसरला. पण आता कव्हरची कडाच हरवली, पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. मग छत्रीचं काळं कापड आडवं धरलं, आणि त्या कव्हरच्या गोलाईवरून एक काळी रेघ, काजळ ओढावं तशी, फिरत गेली. धातूला आकार आला. आजही मी शिकवायला बसलो की हेच सांगतो. उघड्या धातूवरच्या झळाळीला पोलरायझर फिल्टर फारसा उपयोगी पडत नाही. धातूसमोर काय ठेवायचं ते ठरवावं लागतं.

त्या रात्री डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये सोडला. प्रिंट उमटताना आधी गडद भाग येतात. त्यामुळं सगळ्यात आधी फिन्समधल्या काळ्या फटी दिसल्या, कोऱ्या कागदावर एकाखाली एक रेघा, वहीसारख्या. मग त्यांच्या कडा भरल्या, मग बिडाचा खरबरीतपणा, आणि सगळ्यात शेवटी टायमिंग कव्हरवरचं ते फिकट दूध. इंजिन माझ्यासमोर आतून बाहेर घडत होतं. हायपोतून काढून दोरीवर टांगलेला तो ओला फोटो मी किती वेळ बघत राहिलो, कोण जाणे.

कोल्हापूर हे कॅमेरा आणि इंजिन या दोन्हींचं गाव. इथं बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' आणला. आणि इथंच उद्यमनगरात दारोदारी लेथ फिरली, भट्ट्या पेटल्या, ऑइल इंजिनं घडली. म्हणून इथल्या माणसाला इंजिनाकडे बघताना ते कसं ओतलं असेल, हे आधी दिसतं. मेस्त्री उमेदवारीत ओतकामाचे पॅटर्न करायला शिकले होते. त्यांनी मला बोट फिरवून दाखवलं होतं. दोन फिन्समधली फट म्हणजे साच्यातली वाळूची भिंत, बोटभरही जाड नाही. ती ढासळली की दोन फिन्स एकमेकांना चिकटतात आणि सगळं ओतकाम भट्टीत परत जातं. "ह्या फटी पडल्यात न्हवं, त्येच्यात कारागीर हाय बघ," ते म्हणायचे.

आणि फिन्स कशासाठी? पेट्रोल जळून निघणारी सगळी उष्णता काही चाकापर्यंत जात नाही. बरीचशी धातूत मुरते, आणि ती वाऱ्याला देऊन टाकायला धातूचा पृष्ठभाग वाढवावा लागतो. म्हणून हे पंख. बुलेट ३५० चा सिलिंडर आतून ७० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनचा फेरा ९० मिलिमीटर. रुंदीपेक्षा उंची जास्त, म्हणून ते इंजिन फ्रेममध्ये ताठ, कणा सरळ ठेवून बसलेलं दिसतं. त्या इंजिनावर एकही रेघ बिनकामाची नव्हती. काय गरम होतं, काय फिरतं, तेल कुठून जातं, सगळं बाहेरून वाचता यायचं. फोटोग्राफरनं करायचं होतं ते एवढंच, की ते वाचता येईल असा उजेड द्यायचा.

मग मला नादच लागला. म्हैसूरच्या आयडियल जावाच्या गाड्या तेव्हा रस्त्यावर भरपूर होत्या, जुन्या जावा आणि १९७३ नंतरच्या येझदी. त्यांच्या इंजिनाला आमचे मेस्त्री 'अंडं' म्हणायचे. दोन्ही अंगांनी गोल, गुळगुळीत, कुठं कोपरा नाही. एकाच सिलिंडरमधून दोन बाजूंना दोन बेंड पाईप निघायचे, म्हणून समोरून फोटो काढला की गाडी दोन्ही हात पसरून उभी असल्यासारखी दिसायची. किक आणि गिअरची दांडी एकच. उभी केली की किक, पुढं पाडली की गिअर. बुलेटला तिरपं ऊन लागायचं, जावाला मात्र ढगाळ दिवस. गोल कव्हरवर सगळं आभाळ उतरायचं. नंतर यामाहाची आरएक्स १०० आली, १९८५ साली. ९८ सीसीचं ते लहानसं, आटोपशीर इंजिन मी पावसात भिजलेलं काढलं होतं. गाडी लांबून आली होती. तापलेल्या फिन्सवरून वाफ निघत होती. शहरात रंगीत लॅब सुरू झाल्यावर पहिल्या रोलमध्ये मी काय काढलं असेल, तर क्रोमच्या बेंड पाईपवर उष्णतेनं चढलेला निळा आणि सोनेरी रंग. काळ्या-पांढऱ्यात तो कधी दिसलाच नव्हता.

रद्दीच्या दुकानात कधीमधी परदेशी मासिकं मिळायची. त्यातून कळलं की हा नाद जगभर आहे. अमेरिकेत हार्लेच्या इंजिनांना लोकांनी नावं दिली ती आकार बघून. १९३६ चं नकलहेड, कारण रॉकर कव्हरं आवळलेल्या मुठीच्या पेरांसारखी. १९४८ चं पॅनहेड, उपडं घातलेल्या पातेल्यासारखं. १९६६ चं शॉव्हेलहेड, कोळशाच्या फावड्यासारखं. कंपनीच्या कागदांवरच्या नावांपेक्षा डोळ्यांनी दिलेली ही नावं जास्त टिकली. इंग्लंडच्या व्हिन्सेंट ब्लॅक शॅडोचं इंजिन तर काळ्या मुलाम्याचं होतं. काळ्या फिन्स, काळ्या फटी. ते फोटोत पकडणं म्हणजे अमावस्येला सावली शोधण्यासारखं. याच व्हिन्सेंट कंपनीच्या गाडीवर १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेच्या बॉनव्हिलमधल्या मिठाच्या मैदानावर रॉली फ्री नुसत्या पोहण्याच्या चड्डीत आडवा झोपून ताशी १५० मैलांच्या वर गेला. त्या क्षणाचा फोटो मोटारसायकलच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. लोक त्या माणसाकडे बघतात. मी त्याच्या पोटाखालच्या इंजिनाकडे बघत आलो.

१९९८ साली न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयानं 'द आर्ट ऑफ द मोटरसायकल' हे प्रदर्शन भरवलं आणि शंभरावर गाड्या चित्रं-शिल्पांच्या जागी मांडल्या. त्याची बातमी मी मेस्त्रींना वाचून दाखवली. ते हातातला पाना खाली ठेवून गप्प बसले. मग भिंतीवरच्या त्या १९८४ च्या फोटोकडे बघत म्हणाले, "आपलं आधीच लावलंय."

आता आजचं सांगतो.

आज कॅमेऱ्यानं मला जे दिलंय ते तेव्हा मागायचीही छाती झाली नसती. बारा फोटोंचा हिशेब संपला. जवळून इंजिन काढताना सगळं स्पष्ट हवं असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत वीस फोटो घ्यायचे आणि संगणकावर एकत्र जोडायचे. पुढच्या नटापासून मागच्या फिनपर्यंत केस न केस दिसतो. ओतकामातल्या वाळूचा कण बिडावर ठसा सोडून गेला असेल तर तोही दिसतो. एलईडीचा उजेड हवा तिथं, हवा तेवढा. खिशातला मोबाइल संध्याकाळच्या अंधारातही फोटो देतो. धोतर मी अजून वापरतो, पण ते आता माझ्या हट्टापायी.

इंजिन मात्र मागं सरलं. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, टू स्ट्रोक गाड्या गेल्या. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले. बऱ्याच गाड्यांत इंजिन थंड ठेवायला पाणी आलं, त्यामागोमाग रेडिएटर, रबरी नळ्या, सेन्सरच्या वायरी, धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. हे सगळं झाकायला प्लॅस्टिकची कव्हरं. बुलेटचं बिडाच्या सिलिंडरचं इंजिन २०१० च्या सुमारास थांबलं, इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात गेले, सांधा नाहीसा झाला. या बदलाबद्दल माझी तक्रार नाही. आजची गाडी कमी धूर सोडते, कमी पेट्रोल पिते, थंडीत एका बटणावर सुरू होते आणि तिच्याखाली तेलाचं थारोळं साचत नाही. माझ्या नातवंडांच्या फुप्फुसांपेक्षा मला फोटो मोठा नाही. पण गाडीशेजारी उकिडवं बसून ती कशी चालते हे डोळ्यांनी वाचायची जी सोय होती, ती गेली. कव्हर काढल्याशिवाय काही दिसत नाही, आणि कव्हर काढलं तर वॉरंटी जाईल म्हणून माणूस भितो.

गाड्या घडवणाऱ्यांनाही हे कुठंतरी जाणवत असणार. २०१८ साली जावा परत आली. तिचं २९३ सीसीचं इंजिन पाण्यानं थंड होतं, तरी सिलिंडरवर जुन्या टू स्ट्रोकसारख्या फिन्स ठेवल्या आणि एका सिलिंडरमधून दोन बाजूंना दोन बेंड पाईपही काढले. ट्रायम्फच्या बॉनव्हिल या गाडीला फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा त्याच्या थ्रॉटल बॉडीला जुन्या कार्ब्युरेटरचं रूप दिलं. काहीजण याला नकल म्हणतात. मला तसं वाटत नाही. वाडा पाडून इमारत झाली तरी काही घरं जुन्या दाराची चौकट नव्या दाराला बसवतात, तसं हे आहे. चौकट आता छत पेलत नाही, पण घर कुठून आलं हे ती सांगते. आणि खऱ्या कामाच्या फिन्स अजून संपलेल्या नाहीत. रॉयल एनफील्डचं ६४८ सीसीचं जोड सिलिंडरचं इंजिन हवा आणि तेलावरच थंड होतं. त्याची बफ केलेली कव्हरं सकाळच्या उन्हात बघितली की मला उद्यमनगरातली ती सकाळ आठवते.

गेल्या वर्षी माझी भाची पुण्याहून विजेची मोटारसायकल घेऊन आली. तिला फोटोंचा नाद आहे. "मामा, हिचं इंजिन कुठून काढायचं?" तिनं विचारलं. मी गाडीभोवती एक फेरी मारली. सिलिंडर नाही, बेंड पाईप नाही, किक नाही. मधल्या जागेत बॅटरीचा बंद पेटारा. मला बोलायला काही सुचेना.

तीच खाली वाकली आणि म्हणाली, "मामा, हे बघा." मोटारीला वीज पुरवणाऱ्या कंट्रोलरच्या ॲल्युमिनियमच्या आवरणावर ओळीनं बारीक फिन्स होत्या. बोटाच्या नखाएवढ्या, एकसारख्या. विजेचं यंत्रही तापतं, आणि तापलं की त्यालाही उष्णता वाऱ्याला द्यावी लागते. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला गाडी अंगणात लावली. मी धोतर धरलं, तिनं मोबाइल. ऊन तिरपं आलं आणि त्या नखाएवढ्या पंखांच्या सावल्या एकीखाली एक उतरल्या. तिनं तीन फोटो काढले आणि थांबली. किती काढायचे हे मी तिला सांगितलं नव्हतं.

मेस्त्री आता नाहीत. गॅरेजच्या जागी दुसरं दुकान आहे. तो १९८४ चा फोटो त्यांच्या मुलानं मला परत दिला. कडा पिवळ्या पडल्यात, पण फिन्समधल्या फटी अजून तितक्याच काळ्या आहेत.

तुमच्या परड्यात, गोठ्याच्या कडेला, जिन्याखाली ताडपत्री पांघरून एखादी बुलेट, येझदी, राजदूत उभी असेल तर माझं एक ऐका. ती भंगारात जायच्या आधी एकदा बाहेर काढा. रॉकेलच्या चिंधीनं इंजिन पुसा. सकाळी आठच्या आत, तिरप्या उन्हात, आधी उजव्या अंगानं आणि मग डाव्या अंगानं फोटो काढा. माणूस नको फोटोत. प्रिंट करून घ्या, मागं गाडीचं साल लिहा, ती कोणाची होती ते लिहा, आणि ज्यानं ती दुरुस्त केली त्या मेस्त्रीचं नावही लिहा.